आमिषवाल्याच्या आधी

मंक्टन, ६ फेब्रुवारी

मर्नाबाई,

माझी जिनेट आणि तुमचा कॅल वेगळे राहायला लागून सव्वा वर्ष झालं. अशा वेळी तुम्हाला विहीणबाई म्हणायचं की नाही, हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून नुसतं नाव घेते. फोन केला असता, पण तुम्हाला कमी ऐकू येतं आणि मला हळू बोलता येत नाही. आपलं बोलणं अख्ख्या गल्लीला कळण्यापेक्षा पत्र बरं.

मुद्द्यावर येते. कोराच्या पोटगीचं ठरवायला मध्यस्थ बाई नेमली आहे, ते तुम्हाला माहीत असेल. तिनं कॅलकडे मिळकतीचा कागद मागितला. तुमच्या चिरंजीवांनी सही करून तो रिकामाच परत पाठवला. सही तेवढी झोकदार होती. जुलैत येऊन जिनेटच्या हातात चार हजार डॉलरचं पाकीट ठेवून गेला, त्यानंतर आज सात महिने एक पैसा नाही. पोरगी नऊ वर्षांची आहे, मर्नाबाई. ती हवेवर वाढत नाही, सहा महिन्यांत तिचे बुटांचे दोन जोड झाले.

तो सांगत नाही म्हणून आम्ही दोघी मायलेकींनी अंदाज काढला. मागच्या हंगामात त्यानं चौदा हजार पौंड शेवंड धक्क्यावर उतरवली, हे कोरानंच सांगितलं. भाव सात डॉलर. झाले अठ्ठ्याण्णव हजार. सरकारच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात हा आकडा टाकला, एक मूल असं लिहिलं, तर महिना साडेआठशे आले. तेव्हा कॅलला सांगा, दर एक तारखेला साडेआठशे, नाहीतर कोर्ट.

जिनेटचं छान चाललंय. फ्लॅट उबदार आहे, काळजी नसावी.

झेल्मा लेब्लाँ


स्किनर्स हार्बर, १७ फेब्रुवारी

झेल्माबाई,

विहीणबाई म्हणायला जड जात असेल तर राहू दे. लग्नात माझ्या केकला नावं ठेवताना मात्र दहा वेळा म्हणाला होतात.

तुमचा हिशोब वाचून मी इतकी हसले की खोकला लागला. अहो, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! शेवंड धक्क्यावर आली म्हणजे माझ्या पोराच्या खिशात पगार पडला, असं वाटलं का तुम्हाला? तीनशे पिंजरे आहेत. रोज त्यांत आमिष म्हणून हेरिंग आणि मॅकेरेल भरावं लागतं, ते आकाशातून पडत नाही. डिझेल आहे, बोटीवरच्या दोन माणसांचा वाटा आहे, परवान्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता आहे. हे सगळं गेल्यावर निम्मंही उरत नाही. आणि सात डॉलर भाव दर वर्षी मिळत असता तर मी आज फ्लोरिडात पाय पसरून बसले असते.

आता सात महिन्यांचं. आमच्याकडे पैसा वर्षातून एकदाच येतो. तीस जूनला पिंजरे वर आले की जुलैत देणी भागतात, आणि त्याचा क्रम माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून ठरलेला आहे: आधी आमिषवाला, मग डिझेलवाला, मग बँक, मग दुकान, आणि उरलं तर घर. आमिषवाल्याचं चुकवलं तर पुढच्या वर्षी तो दारात उभं करत नाही, आणि आमिष नाही तर काहीच नाही. कॅलनं सगळ्यांचं भागवून जे उरलं ते चार हजार तुमच्या मुलीच्या हातावर ठेवले. वर्षभराचे! स्वतःच्या दाताचं काम तसंच ठेवून. तुम्ही म्हणता एक पैसा दिला नाही.

तरी तुमचं पत्र मी त्याच्यापुढे ठेवलं. वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, "साडेआठशे ना? देईन म्हणावं." कुठून, ते विचारू नका. मीही विचारलं नाही.

थंडी फार आहे. पिंजऱ्यांच्या खुणेचे बोये अजून रंगवायचे तसेच पडलेत, शेडमध्ये हात गारठतात म्हणतो.

मर्ना मॅकॉलम


मंक्टन, २५ फेब्रुवारी

मर्नाबाई,

पाहिलंत? देईन म्हणाला! म्हणजे होते की. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खोटं नाही. मी जिनेटला सांगितलं तर ती हसली नाही, "मग इतके दिवस का रडवलं?" एवढंच म्हणाली आणि भांडी घासत बसली.

ते चार हजार वर्षभराचे होते, हे तुमच्या पत्रातून मला पहिल्यांदा कळलं. आम्ही समजलो मागच्या आठ महिन्यांची थकबाकी. जिनेटनं त्यातून जुनी देणी फेडली आणि ऑगस्टपासून एक तारखेची वाट बघत बसली. तुमचा मुलगा बोलला असता तर! पाकीट दिलं, टोपीला हात लावला आणि गाडी चालू केली. माझा नवरा कागदाच्या गिरणीत होता, दर गुरुवारी पगाराचं पाकीट टेबलावर यायचं. माझी मुलगी त्या गुरुवारांवर वाढली आहे. घरमालक, वीजवाला, पोरीची डबेवाली, कुणीही जुलैपर्यंत थांबत नाही इकडे.

एक विचारायचं होतं. बोये दर फेब्रुवारीत रंगतात ना? पिवळ्यावर जांभळा पट्टा, कोरानं चार वर्षांची असताना निवडलेला. रविवारी फोनवर तिनं विचारलं, "बाबा, माझ्यासाठी किती ठेवलेत रंगवायला?" तर तो म्हणाला, बघू. तो काय असा कामचुकार नव्हता. बरा आहे ना?

झेल्मा


स्किनर्स हार्बर, ५ मार्च

झेल्माबाई,

मी सांगणार नाही असं कॅलला वचन दिलं होतं. पण तुम्ही बोयांवर बोट ठेवलंत, आणि खोटं बोलायची मला सवय नाही.

बोट विकायला काढली आहे. परवान्यासकट. एक एप्रिलला गिऱ्हाईक बघायला येणार आहे. कॅल मे महिन्यात पश्चिमेला निघालाय, अल्बर्टात, तेलाच्या कामावर. तीन आठवडे छावणीत काम, एक आठवडा सुट्टी, आणि त्या एका आठवड्यात चार हजार किलोमीटर विमानानं येणार कधी आणि जाणार कधी? आमच्या हार्बरमधून गेलेली पोरं पहिल्या वर्षी नाताळला येतात, दुसऱ्या वर्षी फोन करतात. तिथं पगार दणदणीत आहे. साडेआठशे डोळे मिटून देता येतील.

मी म्हटलं, "अरे, तो आकडा चुकीचा आहे, कागद दाखव म्हणजे कमी होईल." तर म्हणाला, "आई, जिनेटपुढे जाऊन सांगू, माझी लायकी इतकीच आहे म्हणून? त्यापेक्षा गेलेलं बरं." मोडेन पण वाकणार नाही, बापावर गेलाय.

तुमच्या त्या कॅल्क्युलेटरनं मिळकत विचारली, मुलं किती ते विचारलं. बाप किती लांब असेल, हे विचारलं का हो?

रागावून लिहिते आहे, पण राग तुमच्यावर नाही. बोटीच्या पाठीवर अजून नाव आहे 'जिनेट आणि कोरा'. नवा मालक खरवडून टाकेल.

मर्ना


मंक्टन, ९ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र उभ्यानंच वाचलं आणि खुर्ची शोधली.

आता माझंही ऐका. जिनेटचा उबदार फ्लॅट नाताळातच सुटला. भाडं थकलं होतं. ती आणि कोरा माझ्या शिवणाच्या खोलीत झोपतात, मशीन मी स्वयंपाकघरात आणलंय. तुमच्यापुढे मान खाली नको म्हणून लिहिलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं, दुसरं काय. साडेआठशे मला हवे होते ते माझ्या मुलीला पुन्हा दार लावता येईल असं घर मिळावं म्हणून.

पण असे नकोत. माझे वडील मी सहा वर्षांची असताना ओंटारियोत खाणीवर गेले. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, एकदाही चुकली नाही. आई ती सगळ्यांना दाखवायची. पैसे मला आठवतात, निळ्या शाईतली सहीसुद्धा आठवते. वडिलांचा आवाज आठवत नाही. मी किती प्रयत्न केला आहे, तुम्हाला काय सांगू. माझ्या नातीच्या बाबतीत हे मी होऊ देणार नाही, आणि होत असेल तर निदान माझ्या आकडेमोडीमुळे नको.

तेव्हा असं करायचं. पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी आहे, कोराला तुमच्याकडे पाठवते. तिला शेडमध्ये सोडा, मध्ये पडू नका. आणि तुम्ही कॅलच्या मागे लागून तीन वर्षांचे कराचे कागद काढा, खरे. एका वर्षाचा आकडा काढणं म्हणजे एक लाट बघून समुद्र सांगणं. मध्यस्थ बाई म्हणाली, कमीजास्त मिळकत असेल तर तीन वर्षांची सरासरी धरता येते. हे आधी कुणी विचारलंच नाही, कारण आम्ही रागात होतो.

कोराबरोबर बटाट्याचे गोळे पाठवते. आत खारवलेलं डुक्कर आहे. गुळाची काकवी घालून खा, नाकं मुरडू नका.

तुमची विहीण,
झेल्मा


स्किनर्स हार्बर, २३ मार्च

विहीणबाई,

गोळे खाल्ले. चिखलासारखे दिसतात, पण तिसऱ्यानंतर सवय होते. कॅलनं सात खाल्ले.

कोरा आली त्या दुपारी कॅल तिला टाळून धक्क्यावर गेला. परत आला तर शेडमधून रंगाचा वास येतोय. पोरीनं स्वतःच डबे उघडले होते, माझा चांगला एप्रन घालून. मी घरातून ऐकत होते, म्हणजे दारात उभी राहून, कानाचं यंत्र घालून.

"कोरा, ते राहू दे. या वर्षी बाबाला दुसरं काम मिळालंय."

"कुठे?"

"पश्चिमेला."

"तिथे समुद्र आहे?"

"नाही गं."

"मग तू करणार काय तिथे? तुला तर दुसरं काहीच येत नाही."

यावर तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. मग पोरगी म्हणाली, "मला बूट मोठे लागतात म्हणून चाललायस ना? मी जुने घालीन. ते चावतात, पण थोडेच." विहीणबाई, माझा मुलगा बापाच्या अंत्यविधीला रडला नव्हता. बोया हातात घेऊन पिंजऱ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला. पोरगी त्याच्या पाठीवर रंगाचा हात फिरवत होती. जॅकेट गेलं.

जेवणानंतर त्यानं कागद आणून टेबलावर टाकले. "घे. बघ तुझ्या विहिणीबरोबर." तीन वर्षं, हिवाळ्यातला बेकारीभत्ता धरून, सगळा खर्च जाऊन, सरासरी त्रेचाळीस हजार. कोरानंच ते फोनवर त्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं. महिना पावणेचारशेच्या आसपास आले. कॅल म्हणाला, "पावणेचारशे? पोटगी आहे की आपल्या बेटाच्या पुलाचा टोल? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक आमिषाचे पैसे देतात का तुझ्या? मग बोलू देत."

तरी विकायचं त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. गिऱ्हाईक एक तारखेला येतंच आहे. त्याआधी तीसला मध्यस्थ बाईपुढे बसायचं ठरलंय, कागद घेऊन येतो म्हणाला. माझं काम संपलं. आता तुमची मुलगी तो आकडा बघून तोंड कसं करते, यावर सगळं आहे.

मर्ना


मंक्टन, ३१ मार्च

विहीणबाई,

झालं. सविस्तर सांगते, कारण कॅल तुम्हाला दोन शब्दांत सांगून मोकळा झाला असेल.

मध्यस्थ बाईंनी मला म्हातारीला आत घेतलं तर नाही, पण दार काचेचं होतं आणि फट होती. कॅलनं कागद सरकवले आणि खिडकीबाहेर बघत बसला, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. जिनेटनं एकेक पान वाचलं. बराच वेळ. मग म्हणाली, "एवढेच? कॅल, एवढ्यात आपण तिघं राहत होतो?"

"हो."

"मग मला दर नाताळला अंगठ्या कशाला आणत होतास, गाढवा?"

"तू हसायचीस."

मला वाटलं आता भांडतील. पण ती शांत झाली. म्हणाली, "मला वाटायचं तू लपवतोस. दुसरीकडे खर्च करतोस. मी तुझ्यावर दीड वर्ष त्या पैशांसाठी रागावले जे नव्हतेच." कॅल म्हणाला, "नव्हते हे सांगायचीच लाज वाटत होती."

मग सुरू झाली घासाघीस, आणि अशी घासाघीस मी जन्मात पाहिली नाही. तो म्हणतो चारशे, ही म्हणते पावणेचारशे पुरे, बोट सांभाळ. तो म्हणतो बूट धरून साडेचारशे. ही म्हणते बुटांचे मी बघते, मला दवाखान्याच्या ऑफिसात नोकरी लागतेय. आयुष्यभर शेवंडीचा भाव वर चढवणारा माणूस स्वतःचा भाव चढवत होता आणि गिऱ्हाईक पाडत होतं. मध्यस्थ बाई पेन घेऊन नुसती इकडून तिकडे बघत होती. शेवटी चारशेवर मिटलं.

आणि एक तारखेचं असं. जुलैत हंगामाचे पैसे आले की तो वर्षभराचे सगळे पतपेढीत वेगळ्या खात्यात टाकील, तिथून दर एक तारखेला चारशे आपोआप जिनेटला जातील. तुमचा जुलै आणि माझे गुरुवार, दोघांची सोय झाली. तोपर्यंतचं काय, तर जिनेट म्हणाली, "मी थांबते. आईकडे आहे, भाडं नाही. या वर्षीचे जुलैतच दे." माझ्या लेकीच्या तोंडून "थांबते" हा शब्द मी नऊ-नऊ दिवसांचे नवस केले असते तरी ऐकला नसता.

उन्हाळ्याची सुट्टी कोरा तुमच्याकडे काढणार.

बाहेर पडल्यावर कॅलनं माझ्या अंगणात उभं राहून गिऱ्हाइकाला फोन लावला. "परवा येऊ नका," म्हणाला, "पोरीनं बोये रंगवलेत."

एक गोष्ट मात्र खरी, विहीणबाई. ही दोघं परत एकत्र येणार नाहीत. मी चर्चमध्ये त्यासाठी मेणबत्त्या लावत होते, आता थांबवल्या. जिनेटनं त्याला गाडीपर्यंत सोडलं, दार लावून दिलं, आणि आत येऊन पोटभर जेवली. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते प्रेम नव्हतं. पण ओझं उतरल्यासारखी दिसत होती, आणि मला तेवढं पुरे आहे.

झेल्मा


मंक्टन, १ जून

विहीणबाई,

पिंजरे टाकायच्या दिवशी धक्क्यावर तुम्ही मला तुमच्या थर्मासमधला चहा दिलात त्याबद्दल आभार, आणि तो चहा नव्हता त्याबद्दल जास्त आभार. एवढ्या पहाटे मी फक्त नाताळला उठते. पण पिंजऱ्यांनी लादलेल्या बोटी एकामागून एक निघाल्या आणि कोरा 'जिनेट आणि कोरा'च्या मागे धक्क्याच्या टोकापर्यंत पळत गेली, तेव्हा उठल्याचं सार्थक झालं. येताना पुलावर टोल भरला. तुमच्या बेटावर यायला फुकट आणि सुटायला पैसे, ही युक्ती लग्नाला लावायला हवी होती.

आज लिहायचं कारण वेगळं. सकाळी जिनेट कामावर निघताना फोन बघून दारातच थांबली. "आई, हंगाम संपायला अजून महिना आहे ना?"

म्हटलं, आहे.

"मग हे चारशे कुठून आले?"

आज एक तारीख. जुलैत द्यायचं ठरलं असताना त्यानं आत्ताच पाठवलेत. कुणाकडून उसने घेतले नाहीत ना? ती फोन करायला निघाली होती, मी म्हटलं थांब, त्याला पुन्हा ओशाळं करू नकोस, मी त्याच्या आईला विचारते. खरं काय ते कळवा.

झेल्मा


स्किनर्स हार्बर, ५ जून

विहीणबाई,

उसने नाहीत. काळजी नको.

मला तरी कुठे माहीत होतं? काल आमिषवाला एल्मर दारात आला. टोपी काढेना, बसेना. पंचवीस वर्षं या घराशी व्यवहार आहे त्याचा, आधी माझ्या नवऱ्याशी, मग कॅलशी. म्हणाला, "मर्ना, तुझा मुलगा परवा माझ्याकडे आला होता. पहिल्या महिन्याच्या मालावर उचल मिळाली त्याला. म्हणाला, एल्मर, या वेळी तू दुसरा."

मी म्हटलं, "दुसरा? मग पहिला कोण?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाला, माझी मुलगी."

मी घाबरलेच. आता हा आमिष बंद करणार, असं वाटलं. एल्मर उंबऱ्यावर चिखल झाडत राहिला, त्याला बोलायला नेहमीच वेळ लागतो. मग म्हणाला, "माझा मुलगा अल्बर्टाला जाऊन अकरा वर्षं झाली. कॅलला सांग, दुसरा चालेल मला." आणि गेला.

खिडकीतून बोट येताना दिसतेय. आज भरलेली आहे, खोल बसली आहे पाण्यात. शनिवारी कोराला घेऊन या, जिनेटला यायचं असेल तर तीही. शेवंड मी शिजवते. ते गोळे तुम्ही आणा.

तुमची विहीण,
मर्ना